फोटोखालची ओळ

"हं, टाइप कर. गंगाखेड येथील एक वेडसर स्त्री."

सरांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. बोटं थांबली नाहीत. मराठी टायपिंगचा माझा वेग चांगला, म्हणून तर मला तिथं बसवलं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर फोटो होता. एसटी स्टँडच्या बाकड्यावर एक बाई. केस सुटलेले. पदर खांद्यावरून घसरलेला. एक हात वर, समोर कुणी उभं आहे आणि ती त्याला काही समजावून सांगतेय असा. एक चप्पल पायात, एक बाकड्याखाली.

खोलीत आम्ही नऊजण होतो. कुणीतरी म्हणालं, "पोझ तर कसली दिलीय!" सगळे हसले.

ती माझी माय होती.

"सेव्ह कर," सर म्हणाले. मी सेव्ह केलं.

परभणीतल्या एका कॉलेजात दर शनिवारी दुपारी आमचा गट जमायचा. इंटरनेटवर जो फुकटातला ज्ञानकोश आहे, ज्यात कुणीही लिहू शकतं, त्यात मानसिक आजारांवर मराठीत लेख लिहायचे, हे काम. सगळे स्वयंसेवक. सर प्राध्यापक, गटाचे प्रमुख. बाकीचे शहरातले, शिकल्या घरचे. मी पालमची. बी. ए. झालेली. तिथं एका केंद्रावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. पेपरात बातमी वाचून मी आपणहून आले होते. मायला काय झालंय हे मला मराठीत कुठंच नीट वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून आले होते. पण हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"ऊसतोड."

त्यांनी मान हलवली आणि मला कीबोर्डसमोर बसवलं. इतरांनी लिहायचं, मी टाइप करायचं. दोनदा मी मधे बोलले, तर सर म्हणाले, "तू नुसतं टाइप कर गं. विषय अवघड आहे." चहाचे कपही मीच गोळा करायची. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नको म्हटलंही नाही.

फोटो गटातल्याच एका मॅडमनी काढला होता. गंगाखेडहून येताना, कारची काच खाली करून. तो दिवस मला आठवत होता. मायच्या गोळ्या संपल्या होत्या आणि आम्ही परभणीच्या सरकारी दवाखान्यात निघालो होतो. गंगाखेडला बस बदलायची. तिला बाकड्यावर बसवून मी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. पाच मिनिटं. तेवढ्यात.

परतीच्या बसमध्ये मी ते पान मोबाइलवर उघडत राहिले. बंद करायची, पुन्हा उघडायची. फोटो होता. खाली माझी ओळ होती. माझ्याच बोटांनी लिहिलेली.

घरी आले तर माय ज्वारी निसत बसलेली. गोळ्या चालू असल्या की ती घरातलं सगळं करते. मी तिच्यापुढं मोबाइल धरला. तिनं बराच वेळ बघितलं.

"ही म्या हाय?"

"हो."

"कवा काढला? मला तर कुणी सांगितलं न्हाई."

"त्याच्या खाली मीच लिहिलंय, माय. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं."

"काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं. ती रागावली नाही. तिनं डोक्यावर पदर ओढून घेतला, घट्ट. घरात आम्ही दोघीच होतो, तरी.

"अजून काय लिवलंय त्यात?"

मी लेख वाचत गेले. एका वाक्याशी तिनं मला थांबवलं. 'असे रुग्ण बहुधा हिंसक असतात व त्यांच्यापासून सावध राहावे.'

"हिंसक म्हंजी?"

"मारकुटे."

"म्या कवा कुणाला मारलं गं? मलाच मारलं की समद्यांनी."

एवढं बोलून ती पुन्हा ज्वारी निसायला लागली. माझ्या डोळ्यांपुढं मात्र उसाचा फड उभा राहिला. मी नऊ वर्षांची. माय कोयता टाकून उभी होती, एकटीच कुणाशी तरी बोलत. मुकादम म्हणाला, "नाटकं करायलीस का?" आणि त्यानं उसाच्या टिपरानं तिच्या पाठीवर मारलं. माझा बाप तिथंच मोळी बांधत होता. त्यानं वर बघितलं नाही. पुढं देवऋष्यानं तिला केस धरून ओढलं. नंतर बापानंही हात उचलला. मी सगळं बघितलं. ती फक्त हात आडवे धरायची. आणि या सगळ्यानंतर जगाला सांगायचं की हिच्यापासून सावध राहा. ते वाक्यही मीच टाइप केलं होतं.

पुढचे चार दिवस केंद्रावर गिऱ्हाईक नसलं की मी त्या कोशाचे नियम वाचले. सगळे. फोटोचे नियम, संमतीचे नियम, संदर्भाचे नियम. मग लेखाच्या चर्चा पानावर, जे कुणालाही वाचता येतं, लिहिलं: "या फोटोतील स्त्रीला कुणी विचारलेलं नाही. ती माझी आई आहे. फोटो काढून टाकावा."

तासाभरात सरांचं उत्तर आलं. "नातेवाइकांनी भावनेच्या आहारी जाऊन ज्ञानाच्या कामात अडथळा आणू नये."

शनिवारी मी गेले. खोलीत शिरले तेव्हा बोलणं थांबलं.

"आधी माझ्याशी बोलायचं होतंस," सर म्हणाले. "चारचौघांत गटाची बदनामी केलीस."

"मायशी कुणी बोललं होतं, सर?"

मॅडम म्हणाल्या, "अगं, ती तुझी आई आहे हे आम्हाला काय माहीत!"

"माझी नसती तर चाललं असतं?"

   मी टेबलाला धरून उभी राहिले, पण उभी राहिले.

"टायपिंगला आलेल्या मुलीनं आम्हाला शिकवू नये," सर म्हणाले.

"मी टायपिंगला आले नव्हते, सर. लिहायला आले होते. तुम्ही विचारलंच नाही."

मी निघाले. कप टेबलावरच होते. राहू दिले.

दोन दिवसांनी फोटो गेला. कुठल्या गावचा कोण, मला माहीत नाही, पण त्या कोशावर अधिकार असलेल्या कुणीतरी एक ओळ लिहिली होती: "संमती नाही. वगळले." मला हायसं वाटलं नाही. कारण तोवर तो फोटो मोबाइलांवर फिरला होता. पालमच्या बाजारात एक बाई मला म्हणाली, "तुझ्या मायचा फोटू आला हुता की गं, आमच्या पोरानं दावला." तो आता कुणालाच वगळता येणार नाही. मायला मी हे सांगितलेलं नाही.

गटानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माझा नंबर काढून टाकला. मी केंद्रावरूनच लिहायला लागले, दुपारच्या सुट्टीत. ते हिंसक असल्याचं वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं की अशा रुग्णांनी इतरांना मारण्यापेक्षा इतरांचा मार खाण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्या दिवशी वाक्य गायब; तिथं कुणीही कुणाचंही लिहिलेलं काढू शकतं. कारण दिलेलं: "संदर्भ नाही. वैयक्तिक अनुभव." बरोबर होतं. मायची पाठ हा संदर्भ होत नाही. मी मायच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांच्या कपाटातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागितलं, बाहेरच्या बाकड्यावर बसून, एकेक शब्द मोबाइलवर शोधत वाचलं. पान सापडलं. पानाच्या नंबरासकट वाक्य पुन्हा घातलं.

पुन्हा काढलं. आता कारण होतं, "भाषा प्रमाण नाही." मी भाषा नीट केली, पुन्हा घातलं. आज सकाळी बघितलं तर ते परत गेलेलं आहे. या वेळी कारणही दिलेलं नाही.

ठीक आहे. केंद्राचं शटर मी आत्ताच वर केलंय. कॉम्प्युटर सुरू आहे. पुस्तकाचं नाव, पानाचा नंबर, मला आता तोंडपाठ आहे. मी ते वाक्य पुन्हा घालणार आहे. उद्या काढलं तर उद्या घालीन. दमायचं असेल तर त्यांनी दमावं.