अंगठ्याखालचं पेअर
पिकलेल्या पेअरचा वास आला की मी थेट इंग्लंडमधल्या लीड्सच्या त्या सुपरमार्केटमध्ये जाऊन पोचते. ऐंशीच्या दशकातली शनिवारची सकाळ होती. आमच्या वरच्या खोलीत एक काळा चित्रकार भाड्याने राहायचा. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या सरकारविरुद्ध पोस्टर्स रंगवली, म्हणून तिथल्या एका पोलिसाने त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती. इथे तो डाव्या हाताने रंगवायला शिकत होता. त्या देशाच्या मालावर बहिष्कार घालायची मोहीम तेव्हा चालू होती; त्या दिवशी आम्ही दोघांनी मुद्दामच ट्रॉलीत त्याच देशाची पेअर्स भरली. बिलाच्या काउंटरवरच्या मुलीने सगळ्याचं बिल केल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "दक्षिण आफ्रिकेची आहेत? मग नकोत." मागची रांग अडली. मॅनेजर धावत आला, त्याच्यावर खेकसला आणि साडीतल्या माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तरी हवीत ना?" मी म्हटलं, "नकोत. आणि परत मांडायच्याही लायकीची राहिली नाहीत." मंडईत फळ हलकेच दाबून घ्यायला मला आईने शिकवलं होतं. ट्रॉलीत टाकताना तशीच मी ती एकेक करून दाबली होती, फक्त अंगठा पार आत जाईपर्यंत. ती नुसती पडून राहिलेली मला चालणार नव्हती, सडायलाच हवी होती. पुढे ते सरकार गेलं, चित्रकार मायदेशी परतला. परवा त्याचा फोन आला. "सिस्टर, त्या पोलिसाला मी माफ केलं." बोटं त्याची होती, तेव्हा माफीही त्याचीच. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवून पाहिलं, तर समोरच्या बाऊलमधल्या पेअरमध्ये माझा अंगठा मुळापर्यंत रुतलेला होता.