अमांचं ‘आपण’

बातमी मला नळावर कळली. कळशी निम्मी भरली होती, मागे बायकांची रांग खोळंबली होती, आणि चऱ्होलीहून दूध घालायला येणारी शेवंताबाई चरवी डोक्यावर तशीच घेऊन बोळातून येताना दिसली. एरवी तिचा आवाज चार दारं आधी ऐकू येतो. त्या दिवशी ती अगदी जवळ येऊन म्हणाली, “कळशी ऱ्हाऊ दे बाई. तुजी म्हातारी ग्येली.” तुझी म्हातारी... रांगेतल्या एकीनंही विचारलं नाही की कोण म्हातारी आणि माझी कशी. तिचं नाव ईश्वरीबाई. फाळणीत सिंध सोडून आलेली, माझ्या भिंतीपलीकडची शेजारीण. तिचं माझं रक्ताचं तर सोडाच, भाषेचंही नातं नव्हतं. सगळी बराक तिला अमां म्हणायची. या गोष्टीला आता महिना होत आला. दोनदा लिहायला बसले आणि उठले. आज लिहून टाकते, नाहीतर राहूनच जायचं.

पिंपरीत औषधाचा कारखाना निघाला, ह्यांना तिथं नोकरी लागली आणि मी चिपळूणजवळच्या आमच्या वाडीतून इथं आले. आमच्याकडे एका घरातून दुसऱ्या घरी हाक पोचायची तर मधे फणसांची, आंब्यांची अख्खी बाग. इथं निर्वासितांच्या छावणीत लांबलचक बराकी, त्यांत मधेमधे फळ्या ठोकून केलेल्या खोल्या. एका सिंधी कुटुंबानं सोडलेली खोली आम्हाला मिळाली. फळ्या छपरापर्यंत पोचतच नव्हत्या. वरच्या फटीतून सगळ्यांचा धूर, सगळ्यांच्या फोडण्या, भांडणं, पोरांची रडगाणी एकत्र व्हायची. समोरची बराक इतकी जवळ, की कुणी दारात खाट टाकली तर येणाऱ्याजाणाऱ्यानं अंग चोरून जायचं. कुणाला खोकला झालाय, कुणाचा नवरा कालपासून बोलत नाही, सगळं जगजाहीर. माझा जीव नुसता गुदमरायचा. हे दुसऱ्या पाळीला गेले की मी कडी घालून बसायची आणि रडू आलं तर पदर तोंडात कोंबायची. तरी एकदा हुंदका पलीकडे गेलाच. फळीवर बोटं वाजली आणि मोडक्या मराठीत हाक आली, “कुसुम, ये. आपला चहा झाला.” आपला म्हटल्यावर न जाऊन चालतंय होय? डोळे पुसले आणि गेले.

अमां सरसकट ‘आपण’च म्हणायची. आपली खाट, आपलं दार, आपला गोप. गोप म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, सायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून गावोगाव फिरायचा, त्यामुळे त्याचं मराठी चांगलं होतं. अमांचं मराठी शेवंताबाईकडून आणि नळावरच्या बायकांकडून वेचलेलं. एके दिवशी फळीपलीकडून तिनं सांगितलं, “आज संध्याकाळी आपण लग्नाला जाणार.” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! या छावणीत आल्यापासून कुणी कुठं बोलावलंच नव्हतं. मी माझं हिरवं इरकल नेसले, अंबाड्यात शेवंतीची वेणी माळली आणि तिन्हीसांजेला दाराशी जाऊन उभी राहिले. अमां बाहेर आली. मागे गोप, इस्त्रीचा सदरा घालून. मला पाहून ती क्षणभर थबकली, गोप काहीतरी बोलायला गेला तसं तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि माझा हात धरून चालू लागली. लग्नघरी तिनं मला शेजारी बसवून घेतलं, ताटात वाढलं, चार बायकांशी माझी ओळख करून दिली. बोलावणं फक्त त्या मायलेकांना होतं, हे मला गोपनं किती तरी महिन्यांनी हसत हसत सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमां मात्र हसली नाही. “साडी चांगली होती,” एवढंच म्हणाली.

हे असं चालायचं ते चाललंच असतं, पण नळ आडवा आला. उन्हाळ्याचे दिवस, पाणी करंगळीएवढं. अमांनं आपली बादली रांगेत ठेवली आणि मागच्या नव्या बाईला सांगितलं, “ही आपली बादली, लक्ष ठेव.” अमां जरा टेकायला गेली. परत येते तो काय, त्या बाईनं बादली भरून थेट घरी नेलेली. “तूच म्हणालीस ना आपली?” असं वर तोंड करून विचारलं तिनं. मग जे भांडण पेटलं ते दोन्ही बराकींनी कामं टाकून ऐकलं. रात्री गोपनं आईला बसवून शिकवणी घेतली. मी फळीअलीकडून सगळं ऐकत होते. आमची बादली, आमचं दार, आम्ही जेवलो. ‘आपण’ केव्हा म्हणायचं, तर समोरच्याला धरून म्हणायचं असेल तेव्हा. अमां शाळेतल्या पोरीसारखी म्हणून दाखवत होती.

आणि शिकली हो! एवढी काटेकोर शिकली की मलाच नकोसं झालं. सकाळी फळीवर बोटं वाजायची, “कुसुम, आमचा चहा झाला, घेणार का?” चहा तोच, पेला तोच, येणारा हातही तोच. पण मला उगीचच वाटायचं की मधली फळी जाड झाली. हे ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, बाई शुद्ध बोलायला लागली त्याचंही तुला दुःख! आता ह्यांना काय समजावणार. तिच्या तोंडून मग कधी चुकूनसुद्धा ‘आपण’ आलं नाही. आम्ही, आमचं, तुमचं... सगळं जिथल्या तिथं.

गेल्या साली गोपला कल्याणच्या छावणीत दुकानाचा गाळा मिळाला आणि वर दोन खोल्या. स्वतःचा नळ, स्वतःची मोरी, चारही भिंती विटांच्या. तो आधी एकटाच तिकडे गेला, घर लावलं आणि मग अमांला न्यायला आला. मुलगा वाईट नव्हता, उलट आई एकटी राहते म्हणून लोक त्यालाच बोल लावत होते. मला तेव्हा सातवा महिना लागलेला, ह्यांची पाळी बदलती, माहेर लांब. भिंतीपलीकडे अमां आहे या एका भरवशावर मी दिवस काढत होते. पण कुठल्या तोंडानं तिला राहा म्हणणार? तिनं मुलाकडे जावं यात वावगं ते काय होतं. मायलेक सिंधीत बोलत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं, गोपचा आवाज चढत होता आणि अमांचा अगदी लहान झाला होता. मी आपली तांदूळ निवडत बसले. खडे कुठले दिसतायत, डोळ्यांना धार लागली होती.

मग दोघं बाहेर आली. गोपनं ट्रंक उचलून दाराबाहेर ठेवली आणि मला म्हणाला, “येतो आम्ही, वहिनी.” मी कशीबशी उठले आणि अमांच्या पाया पडायला वाकू लागले. वाकता येईना. अमांनं माझा दंड धरून मला सरळ केलं. मुलाकडे एकदा पाहिलं, आणि सिंधी सोडून मराठीत, माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली,

“कुसुम, आपण कुठं जाणार नाही.”

 शिकवलेलं गोपनंच होतं. चुकलीस अमां, असं म्हणायला तो तोंड उघडेल असं मला वाटलं, पण त्यानं ट्रंक उचलली आणि मुकाट आत नेऊन ठेवली. त्यानंतर तो दर रविवारी यायचा, आईचं सामान भरून द्यायचा, माझ्या मुलीसाठी झबल्याचं कापड आणायचा. मुलगी जन्मली ती अमांच्या हातावरच. राग त्यानं मनात धरला नाही, हे त्याचं मोठेपण मी इथं लिहून ठेवते.

या थंडीत अमांनं अंथरूण धरलं. डॉक्टर झाले, औषधं झाली. गोप दुकान बंद करून येऊन राहिला. शेवटच्या दिवसांत अमां मराठी साफ विसरली. वेचलेलं सगळं कुठं सांडून गेलं कोण जाणे... मी काही विचारलं तर ती ओळखीचं हसायची आणि सिंधीत बोलायची. गेली त्या सकाळी एकच काहीतरी पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. ‘असां... घर... असां...’ मी गोपला विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, “म्हणते, आम्ही घरी जाणार.”

 कुठलं घर, सिंधमधलं की कल्याणचं, हे मला विचारायचंच नव्हतं. मी जरा तडकूनच म्हटलं, “आम्ही म्हणते की आपण म्हणते, नीट ऐकून सांग.”

गोपनं आईच्या तोंडाशी कान नेला. मग म्हणाला, “वहिनी, आमच्या भाषेत दोन नाहीत. दोन्हीला एकच शब्द. असां.”

म्हणजे तो चहा, ती खाट, ते लग्न... तेव्हा तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. तिनं मला मुद्दाम धरलं नव्हतं आणि मुद्दाम वगळलंही नव्हतं. पण त्या दिवशी, ट्रंक दाराबाहेर असताना, तिच्याजवळ दोन्ही शब्द होते. नीट घोकलेले.

मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “होय अमां. असां.” माझा उच्चार चुकला असणार, कारण गोपनं मान वर केली. अमांनं दुरुस्त केला नाही. नळाला पाणी आल्याची ओरड झाली, आणि मी कळशी घेऊन उठले.