मॅगझिनमधल्या अक्षता

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग ते जागीच विरतं. म्हणून हसू आहे तोवरच कबूल करून टाकते. पोलीस अधिकाऱ्याने पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये तांदूळ टाकू नयेत. मी टाकले होते. तेही फोटोग्राफरकडे बघत.

तेव्हा मी बारामती भागातल्या एका ठाण्याची नवी प्रभारी होते. त्या काळातला माझा फोटो बघून नात विचारते, "आजी, तू एवढी चिडलेली का आहेस?" चिडलेली नव्हते गं, तसा चेहरा करायला शिकले होते. काळा गॉगल, हातात रूळ, आणि डोक्यात एकच कल्पना की चूक नेहमी समोरच्या खुर्चीत बसलेली असते.

दसऱ्याला पोलीस ठाण्यात शस्त्रपूजा असते. त्या वर्षी आमची पूजा उरकल्यावर गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबने मला पाहुणी म्हणून बोलावलं. लाल कापडावर स्पर्धेची पिस्तुलं मांडली होती. त्यातलं एक कळंबच्या एका मुलीचं. क्लबच्या परवान्यावरचं, पण वापरायची तीच. शेजारी तिची दोन नवी मॅगझिनं तोंड वर करून उभी ठेवलेली. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची चपटी डबी. आत स्प्रिंग आणि तिच्यावर एक ठोकळा. एक गोळी उडाली की स्प्रिंग ठोकळ्याला वर रेटते आणि पुढची गोळी तोंडाशी येते. सगळा खेळ त्या ठोकळ्याच्या सरळ वर येण्यावर.

आमच्या बाईंनी, म्हणजे मी, काय करावं? पिस्तुलाला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि त्या दोन उघड्या तोंडांत चिमूट चिमूट कुंकवाच्या अक्षता सोडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षणात मी शंभर वेळा ऐकलेलं, पुढे नव्या भरतीला शिकवलेलंही, की मॅगझिनमध्ये धुळीचा कण जाऊ देऊ नका. पण पूजेची ती काय धूळ? ते शुभ.

पुढे राज्याच्या संघासाठी निवड स्पर्धा झाली. मुलीचं पिस्तूल पुन्हापुन्हा अडकलं. गोळी अर्धवट वर येई आणि नळीच्या तोंडाशी तिरकी होऊन बसे. हत्यार अडकलं तर हात वर करून पुन्हा संधी मागता येते, पण ती सवलत काही अमर्याद नसते. सवलत संपली, मुलगी बाहेर पडली. तिचे वडील नोकरदार, मुलीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तक्रारी अर्ज घेऊन ठाण्यात आले.

"मॅडम, पिस्तूल सरावात एकदाही अडकलं नव्हतं. स्पर्धेतच कसं अडकलं? कुणीतरी हात लावलाय."

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि पिस्तूल, दोन्ही नवी मॅगझिनं, उरलेल्या गोळ्या पंचांसमक्ष जप्त केल्या. पाकिटं शिवली, लाखेची मोहोर मारली. प्रयोगशाळेत पाठवायचा मुद्देमाल म्हणून कपाटात बंद. म्हणजे उत्तर मी स्वतःच्या सहीने सीलबंद करून ठेवलं आणि प्रश्न घेऊन गावभर फिरायला निघाले.

त्याच दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एकजण म्हणाला, "क्लबातल्या मिस्तरीला इचारा. त्येच्या भाचीला क्लबच्या टीममधनं काढून ह्या पोरीला घेतलंय. स्पर्धेच्या आदल्या दिशी पेटी उघडून बसला व्हता." आणि फोन ठेवला.

मिस्तरी म्हणजे क्लबच्या हत्यारांची देखभाल करणारा माणूस. कन्हेरीचा. घराणं पूर्वी मेंढरं राखायचं, आता थोडी शेती आणि मिळेल ते काम. शस्त्रपेटीची किल्ली त्यांच्याकडे. माझ्या तरुण डोक्याला आणखी काय हवं होतं? किल्ली आहे, राग आहे, खबर आहे. आमचे हवालदार, ज्यांना मी तात्या म्हणायचे, हळूच म्हणाले, "मॅडम, आधी फोन कुणी केला ते बघूया का?" मी म्हणाले, "तात्या, आधी आरोपी." अजून गुन्हा दाखल नव्हता आणि मला आरोपी सापडला होता. फोन करणारा कोण, ते मी कधीच शोधलं नाही.

मिस्तरींना निरोप धाडला असता तर ते सायकलवर आले असते. पण आमच्या बाईंना जीप काढायची होती. सकाळची वेळ, कन्हेरीच्या पारावर माणसं चहा पीत बसलेली. मी जीपमधून उतरले, त्यांचं नाव पुकारलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चल, बस मागे." त्यांच्या हातात कप होता. तो ठेवायला त्यांना जागा दिसेना. शेवटी शेजारच्याने घेतला.

ते माझ्याहून वयाने मोठे होते. मी अरे-तुरे केलं. तेव्हा मला ते खात्याचं व्याकरण वाटायचं.

"आदल्या दिवशी पेटी उघडली होतीस?"

"व्हय. रोजच उघडतो."

"कशाला?"

"पुसायला. त्येचाच तर पगार हाय."

"भाचीला संघातून काढलं, त्याचा राग होता ना?"

"व्हता."

मी तात्यांकडे विजयाने बघितलं. लिहा म्हणून खूण केली.

"कुणाचा राग?"

"भाचीचा. सरावाला यायची न्हाय, टीव्ही बघत बसायची. मीच क्लबच्या सरांना म्हणलं, हिला काढा."

तात्यांनी पेन थांबवलं. मी म्हणाले, "नाटकं नकोत." आणि त्यांना दिवे लागेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. ठाण्यातलं बाक हे विचित्र लाकूड असतं. त्यावर कुणीही बसला तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चोरच दिसतो. दूधवाला बघून जातो, पासपोर्टच्या चौकशीला आलेला बघून जातो, आणि संध्याकाळपर्यंत वडगाव निंबाळकरपर्यंत बातमी पोचते.

मिस्तरींनी एकच गोष्ट तीनदा मागितली. "ती पाकिटं फोडा, बाई. मॅगझिन माझ्यासमोर खोला."

"मुद्देमाल आहे तो. मोहोर मोडता येत नाही."

"मग मी तरी काय सांगू? मॅगझिनं आत, मी भाईर."

मारलं नाही मी त्यांना. हे मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, जणू काही ते बक्षीस होतं.

जबाबात काही हाती लागेना, तेव्हा मी मुलीलाच बोलावलं. ती आल्यावर बाकाकडे बघून जागीच थबकली.

"मॅडम, मिस्तरीकाका कशाला बसलेत हितं?"

"तुमच्याच तक्रारीवरून बोलावलंय."

"मी न्हाय त्यांचं नाव दिलं. माझ्या वडलांनी पण न्हाय. त्यांनी तर मला सांगितलं व्हतं, सगळी मॅगझिनं एकदा चालवून बघ म्हणून."

"मग बघितलीस?"

"जुनी बघितली. नवी दोन ठेवली व्हती."

"का?"

"पूजेतली व्हती म्हणून. निवडीच्या दिवशी पहिल्यांदा लावायची असं ठरवलं व्हतं. पुसली पण न्हाय. पूजेचं कुणी पुसतं का?"

नवी मॅगझिनं तपासावीत एवढंच मला सुचलं, दसरा काही आठवला नाही. मी वरिष्ठांना फोन करून मोहोर मोडायची परवानगी घेतली, पंच बोलावले आणि सगळा लवाजमा घेऊन क्लबच्या रेंजवर गेले. मिस्तरींनाही नेलं, अर्थात जीपच्या मागच्या बाजूला.

पाकिटं फोडली. मुलीने आधी पिस्तुलाला तिच्याकडचं जुनं मॅगझिन लावलं, स्पर्धेतल्याच पाच गोळ्या भरल्या. पाचही गोळ्या सुरळीत गेल्या. म्हणजे पिस्तूल ठीक, गोळ्याही ठीक. मग बाकी काही न बदलता नवं मॅगझिन लावलं. दुसरी गोळी तिरकी होऊन अडकली. नळी सुरक्षित दिशेला धरून तिने ती काढली, पुन्हा भरलं, पुन्हा अडकली. दुसरं नवं मॅगझिन लावलं. तेही अडकलं. शाळेतल्या मुलालाही कळला असता असा हा तपास. मला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की हत्यार अडकलं तर संशय आधी मॅगझिनवर घ्यायचा. मी तो माणसावर घेतला होता.

मुलीने मॅगझिनच्या तळाची पट्टी सरकवून स्प्रिंग बाहेर काढली आणि टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर डबी उपडी करून ठोकली. आधी लालसर भुकटी पडली, तेलाने चिकट झालेली. मग दोन दाणे. एक अर्धा तुटलेला, ठोकळ्याच्या खाचेत पाचरीसारखा बसलेला होता, तो तिला टाचणीने काढावा लागला.

तात्या कागदावर वाकून म्हणाले, "मॅडम, ह्या तर अक्षता."

"दिसतंय मला."

"म्हणजे दसऱ्याला आपणच..."

"तात्या, पंचांसमोर जरा कमी बोला."

मुलगी माझ्याकडे बघत होती, तिचे वडील कागदाकडे. मिस्तरी लांब उभे होते. त्यांनी पुढे येऊन बघितलं, मान हलवली आणि परत जाऊन जीपच्या मागच्या बाजूलाच बसले. त्यांना कुणी पुढे बस म्हटलं नाही. मीही नाही.

पंचनाम्यात मी लिहिलं, "मॅगझिनमध्ये बाह्य पदार्थ आढळून आले." बाह्य. कुठून आले, कुणाच्या चिमटीतून आले, त्याला त्या वाक्यात जागा नव्हती. वरिष्ठ फोनवर म्हणाले, "तांत्रिक दोष म्हणून अर्ज निकाली काढा. दसऱ्याचं वर्तमानपत्रात नको." वरिष्ठांचा आदेश मी इतक्या तत्परतेने आयुष्यात कधी पाळला नव्हता. मुलीच्या वडिलांनी सही केली. मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा उतरली आणि निवडली गेली, असं मी ऐकलं. ती मॅगझिनं मात्र दसऱ्याला पेटीतच राहू लागली म्हणे.

मिस्तरींना मी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि पहिल्यांदाच "तुम्ही" म्हणाले. माफी मागितली. त्यांनी ती ना घेतली, ना नाकारली.

"माफीचं ऱ्हाऊ द्या, बाई. येक काम करा. जमलं तर उद्या सकाळी तीच जीप घिऊन पारावर या. माझ्या शेजारी बसून कपभर च्या प्या. मग मला गावात कुणाला काय सांगायला लागणार न्हाय."

"येते," मी म्हणाले.

नाही गेले. दुसऱ्या दिवशी बंदोबस्त होता, हे खरं. त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हता, हेही खरं. ठाण्याची प्रभारी पारावर बसून संशयिताबरोबर चहा पिते, हे लोकांना कसं दिसेल, याचा मी विचार करत राहिले. मग बदली आली. तात्यांचा एकदा फोन आला, तेव्हा कळलं की क्लबने मिस्तरींना काढलं. कागदावर दोष तांत्रिक होता आणि तांत्रिक कामं मिस्तरींकडे होती. माझ्या "तांत्रिक" या शब्दाने त्यांना बरोबर शोधून काढलं. भाचीचं जमत आलेलं लग्नही तेवढ्यावर मोडलं.

पोलिसाचा संशय तपासाअंती संपतो असं आम्ही मानतो. संपतो तो फक्त कागदावर. गावात जीप येताना सगळ्यांनी बघितलेली असते, आणि जीप चुकली होती हे सांगायला दुसरी जीप येत नाही. माझ्या नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांची मला पदकं मिळाली. हे प्रकरण गुन्हा म्हणून नोंदलंच गेलं नाही, त्यामुळे त्याची शिक्षाही कुणाला झाली नाही. मिस्तरींना सोडून.

निवृत्तीनंतर मी एकदा कन्हेरीला गेले. साध्या साडीत, पायात चपला, गुडघेदुखीमुळे काठी घेऊन. पारावर नवी माणसं होती. कुणी मान वर करून बघितलं नाही. मिस्तरी कोपऱ्यात बसले होते, म्हातारे झालेले. मी शेजारी बसले, दोन चहा सांगितले. त्यांनी मला नीट न्याहाळलं, कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले:

"तवा यायचं व्हतं, बाई, वर्दीत. आता तुमाला हितं वळखतंय कोण?"