एकशे अठ्ठावीसच्या पलीकडे

जळकोटच्या बिरदेवनं उभा जन्म मेंढरांमागं काढला. त्याची थोरली लेक अयोध्या मात्र डिप्लोमा करून एका साखर कारखान्याच्या इथेनॉल प्लँटवर लागली. तिथले कॅमेरे, कॉम्प्युटर, मीटर एकमेकांशी बोलते ठेवायचे, हे तिचं काम. उंदरानं वायर कुरतडली तरी "अयोध्याताईला बोलवा." ती बोलायची कमी, पण नजरेतून काही सुटायचं नाही.

त्या सोमवारी कंट्रोल रूमच्या पडद्यावर तिला काहीतरी खटकलं. नव्या टाक्यांजवळ हवेतली इथेनॉलची वाफ मोजणारे तीन मीटर होते. तिन्हींचाही आकडा दोन. सकाळी दोन, भर उन्हात दोन. तिनं मागची नोंद उघडली. चार दिवस दोनच.

"शंभूदादा, हे आकडे हललेले कधी बघितले का तुमी?"

"न्हाय की. हिरवं हाय म्हंजी बरंच हाय," ऑपरेटर शंभू कपाळ चोळत म्हणाला. "चार दिस झाले, डोकं मात्र लई ठणकायलंय. ऊन लागलं असंल."

अयोध्यानं घड्याळ बघितलं. तीन वाजता त्याच टाक्यांखाली वेल्डिंग सुरू व्हायचं होतं. ती तडक प्लँट मॅनेजर रणधीर साहेबांकडं गेली.

"साहेब, वेल्डिंग थांबवा. मीटर खरं सांगत न्हायत."

"वास आलाय का कुणाला?"

"वास तर इथं बारमाही असतोय, साहेब."

"मग उगं भीती घालू नका."

दोन पन्नास झाले होते. लॅपटॉप घेऊन ती टाक्यांच्या कुंपणाबाहेरच्या, मीटरांच्या पॅनेलकडं पळाली. वायर ठीक. पत्ता ठीक. त्याखाली मास्क. आपल्या जाळ्यातलं कोण आणि बाहेरचं कोण, हे यंत्राला या मास्कवरनं कळतं. साऱ्या प्लँटभर मास्कचा शेवटचा आकडा शून्य होता, म्हणून सगळी यंत्रं एकाच जाळ्यात. इथं मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं चार दिवसांपूर्वी सेटिंग बदलताना एकशे अठ्ठावीस घातला होता. त्यानं जाळ्याचे सरळ दोन भाग झाले. मीटरांचे पत्ते एकशे तीसच्या पुढचे, कंट्रोल रूमचा दहा. मीटरांच्या लेखी कंट्रोल रूम परकी, आणि परक्याकडं जायची वाट त्यांना कुणी दिलीच नव्हती. पडद्यावर दिसत होता तो चार दिवसांपूर्वीचा, शेवटचा पोचलेला आकडा.

तिनं पहिल्या मीटरचा मास्क बदलला आणि शंभूला फोन लावला. "बघा आता."

मग त्याचा चिरका आवाज आला, "ताई, एक्केचाळीस! लाल झालंय!" पाठोपाठ भोंगा.

अयोध्या ओरडतच टाक्यांकडं सुटली. वेल्डर सिद्धाराम डोळ्यांवर काच ओढून वाकला होता.

"पेटवू नका! हातातलं टाका, बाहेर पळा!"

तेवीस माणसं गेटबाहेर निघाली. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. टाकीच्या वॉल्व्हचं गॅस्केट, सांध्यातलं रबरी पॅकिंग, फाटलेलं होतं. ते सापडायला संध्याकाळ झाली.

"रजिस्टरात गॅस्केटचं तेवढं लिहू," रणधीर साहेब हळूच म्हणाले. "मास्कचं कशाला?"

"लिहिलंय म्या, साहेब. चार दिवसांसकट."

त्याच ठेकेदारानं आणखी तीन कारखान्यांत मीटर बसवले होते. अयोध्यानं तिन्हीकडं फोन लावले. पहिल्यानं लगेच तपासलं. दुसरा "बघतो" म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी कुणी उचलेचना. तो कारखाना साठ किलोमीटरवर होता. तिनं स्कूटी काढली. वाटेत दोनदा थांबून परत नंबर लावला. तो नुसताच वाजत राहिला.