फटीतला उजेड
परवा धुळ्यात किल्लीवाला कानशीने किल्ली घासत होता. लोखंडाच्या किसाचा तो वास आला आणि जळगावच्या कारखान्यातला माझ्या अप्रेंटिसशिपचा शेवटचा दिवस आठवला.

फिटरचं काम शिकायला मी तिथे वर्षभर होतो. घरच्यांनी पहिल्याच दिवशी नोकरी लागली म्हणून पेढे वाटले होते आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.

आमचे म्हातारे फिटर नाना, मी घासलेल्या तुकड्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरत. फटीतून उजेड दिसला की म्हणत, "उजेड शे अजून. घास." त्या दिवशी उजेड दिसला नाही.

"आते जमनं," नाना म्हणाले.

"मग मला कायम ठेवतील ना?"

नानांनी तुकडा भंगारात टाकला. "तुन्हासारखा दरसाल येतस, भाऊ. काम शिकनात का वरीस सरी जास."

दुपारी साहेब आमच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलले. हार एकच होता. फोटो निघाला की तो पुढच्याच्या गळ्यात जाई.

नंतर मी कापडाच्या दुकानात लागलो. कानस पुन्हा हातात आली नाही. तेव्हा उजेड दिसला की मला वाईट वाटे. पण तो दिसत होता, तोवर निदान उद्या कामावर यायचं होतं.