आईच्या हातातला जोर

आज माझ्या गाडीचा स्टीअरिंग पंप बदलताना करपलेल्या तेलाचा वास आला आणि भवानी पेठेतलं ते जुनं गॅरेज आठवलं.

मी तेव्हा शाळेत होते. दिवाळीनंतर आई मैदानावर गाडी शिकायची. वळण आलं की स्टीअरिंग तिच्याच्यानं फिरायचंच नाही. दोन्ही हातांनी ओढून तळवे लाल व्हायचे. शेजारी बसलेले बाबा हसायचे. "बायकांचं काम न्हाय हे. जोर लागतो." घरभराच्या भाकरी थापणारे ते हात मग मुकाट्यानं मांडीवर यायचे. शेवटी तिनं शिकणं सोडलं.

पुढं एका दुपारी आम्ही तिघं गॅरेजात गेलो. मेस्त्रीनं नवे भाग घालून दुरुस्त केलेला जुनाच पंप बसवला, तेल भरलं आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, पंप गेलाय म्हणून दिवाळीआधीच सांगितलं होतं की तुमाला. एवढं जड स्टीअरिंग कसं काय चालवलं?"

बाबा एका बोटानं स्टीअरिंग फिरवत आईला म्हणाले, "बघ, लोण्यासारखं झालंय. चालव की आता."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ती मागचं दार उघडून आत बसली. मला वाटलं, ती घाबरली.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज आई सोबत होती. मी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं, तर ती मागं जाऊन बसली.

"मागंच बरं," ती म्हणाली. "हितनं स्टीअरिंग दिसत न्हाय."