न पडलेली शाळा

लिमयेबाईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या स्टँडवर पावसच्या गाडीची वाट बघत होते. "आई गेली," एवढंच ती म्हणाली. गाडी लागली, भरली, सुटली... मी बाकावरच बसून राहिले.

अठ्ठ्याण्णव साली मी त्यांच्या हाताखाली शिक्षिका म्हणून रुजू झाले. बाई मुख्याध्यापिका. पावसाळ्यात शाळेची एक भिंत आतून भिजायची, चिऱ्यांमधली माती सुटून मुलांच्या पाट्यांवर पडायची. धोकादायक इमारती कळवा, असा सरकारी आदेश आला. आसपासच्या शाळांनी 'किरकोळ दुरुस्ती' कळवली, बाईंनी खरं ते कळवलं. इंजिनीयर आले, भिंत बघितली आणि इमारत वापरू नका म्हणाले. नवी कधी? प्रस्ताव पाठवतो. तोवर मुलं पलीकडच्या गावात जाऊ देत. पलीकडचं गाव म्हणजे मध्ये खाडी!

गाव बाईंवर उलटलं. होती ती शाळा हिने घालवली, असं तोंडावर बोलू लागलं. शेवटी गावातल्या हसनचाचांनी आपली आंबा भरायची शेड उघडून दिली. "मोसमापर्यंत बसवा पोरांना," म्हणाले. मोसम आला की आम्ही देवळाच्या मंडपात. अशी कितीतरी वर्षं गेली. साहेब बदलले, प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून. बाई रजा टाकून कार्यालयात खेपा घालत राहिल्या.

"कंटाळत नाही का हो?"

"कंटाळते गं. पण गुरुवारी या म्हणालेत ना."

आणि भिंत काही पडेना. पावसाळा सरला की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय बाई, अजून पडली नाय तुमची शाळा?"

"नाही पडली. बरं झालं," बाई म्हणायच्या.

नवी इमारत मंजूर झाली तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. जुनी पाडायला घेतली त्या दिवशी आम्ही दोघी बघायला गेलो. पहारी घालून गडी घामाघूम झाले, भिंत हलेना. "घट्ट होती की गं!" बाई हसल्या. मग आम्ही घराकडे निघालो. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "तरी मी पुन्हा तेच कळवलं असतं."

शाळेत आल्या आल्या भिंतीवरून तळवा फिरवायची त्यांना सवय होती. ती आता मला लागली आहे. नवी इमारत, वर स्लॅब, बाहेर रंग... बाई गेल्या त्याच आठवड्यात चौथीच्या वर्गात माझ्या हाताला ओल लागली.

मी कळवलं आहे.